न्यूरेंबर्गचा मसाला, कोरेगावचं आलं

दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, जायपत्री, बाद्यान, धणे, बडीशेप, मिरे, सुंठ. ही यादी सांगलीच्या गणपती पेठेतल्या कुठल्याही मसाल्याच्या दुकानात वाचून दाखवा. दुकानदार पुड्या बांधायला घेईल आणि शेवटी एवढंच विचारेल, ‘‘मिरची किती देऊ?’’ यादी कांदा-लसूण मसाल्याची आहे असा त्याचा समज होणार, आणि त्यात त्याची चूक नाही. मिरची, खोबरं, तीळ, कांदा आणि लसूण वगळला तर आपल्या वर्षाच्या मसाल्यातला जो गरम भाग उरतो, त्यातलं बरंच काही जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराच्या लेबकुखन या नाताळच्या खाऊत पडतं. मधात भिजवलेल्या पिठाचा हा मसालेदार बिस्किटवजा केक. हा मसाला घरी कसा करायचा, हे या लेखात सांगणार आहेच. पण मला त्यातल्या एकाच जिनसाचं वेड आहे, तेव्हा पानं तिकडेच जास्त जातील.

इतिहास आधी उरकून घेऊ. न्यूरेंबर्ग व्यापारी रस्त्यांच्या नाक्यावरचं शहर, शेजारच्या जंगलात मधमाश्यांची पोळी भरपूर. तिथे लेबकुखन करणाऱ्या कारागिराची नोंद 1395 सालापासून सापडते, आणि 1643 मध्ये त्यांचा स्वतंत्र संघ झाला. 1505 साली फ्रान्सिस्को द अल्मेडाच्या पोर्तुगीज काफिल्याबरोबर जर्मन व्यापाऱ्यांच्या भांडवलावर तीन जहाजं मिऱ्यांसाठी हिंदुस्थानच्या किनाऱ्याला आली. त्या भांडवलात न्यूरेंबर्गच्या इमहोफ आणि हिर्शफोगेल या पेढ्यांचा वाटा होता. म्हणजे मसाला आपल्या बाजूनं गेला, मध त्यांचा घरचा होता. 1996 पासून न्यूरेंबर्गच्या लेबकुखनला युरोपात भौगोलिक मानांकनाचं संरक्षण आहे. झाला इतिहास.

आता आल्याकडे. साताऱ्याहून रहिमतपूर-कोरेगावच्या बाजूला पावसाळा सरता सरता जा. उसाच्या भिंतींमध्ये मधूनच हिरव्या, अरुंद पानांचे उंच गादीवाफे दिसतात. ते आलं. सातारा जिल्हा महाराष्ट्रातल्या आल्याच्या मोठ्या जिल्ह्यांपैकी एक, आणि कोरेगाव, सातारा, कऱ्हाड हे त्यातले कसलेले तालुके. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बेणं लावायचं, ठिबकवर वाढवायचं, आणि पीक अडीच-तीन महिन्यांचं झालं की लांब दांड्याच्या खुरप्यानं माती हलवायची. याला उटाळणी म्हणतात. तिनं जुनी मुळं तुटतात, नवी फुटतात आणि गड्डा पोसतो. एवढं करून पाणी साचलं की कंदकूज येते आणि वाफेच्या वाफे पिवळे पडतात. आल्याची शेती धीराच्या माणसाचीच.

त्यात बाजाराची तऱ्हा वेगळी. इथे आल्याचा भाव किलोत बोलत नाहीत, गाडीत बोलतात; एक गाडी म्हणजे 500 किलो. भाव पडलेला असला तर शेतकरी गड्डे काढतच नाही, जमिनीतच ठेवतो. पुढच्या हंगामापर्यंत थांबलेलं ते जुनं आलं. ते नव्यापेक्षा तिखट आणि धाग्याचं, त्याचा भावही वेगळा. एका बांधावर उभं राहून मी विचारलं होतं, ‘‘दादा, भाव नसला की सुंठ का करत नाही?’’ ते हसले. ‘‘आवो, सुंठ करत कोण बसतंय? रान मोकळं व्हाया नको का?’’ त्यांचं खरं आहे. साल काढायला माणसं हवीत, वाळवायला जागा हवी, आणि पाच किलो ओल्या आल्याची हातात येते जेमतेम किलोभर सुंठ. म्हणून साताऱ्याचं बहुतेक आलं ओलंच गाडीत चढतं. मला मात्र ही हळहळ वाटते, कारण हे आलं सुंठेला फार सुरेख आहे.

सुंठ म्हणजे केवळ वाळलेलं आलं नव्हे. ओल्या आल्याचा झणका असतो तो जिंजेरॉल या द्रव्याचा. आलं वाळताना त्यातल्या काही जिंजेरॉलमधून पाण्याचा रेणू निघून जातो आणि शोगाओल तयार होतं. ते जिंजेरॉलपेक्षा जास्त तिखट. उलट ओलं आलं शिजवलं की जिंजेरॉलचं झिंजेरोन होतं, आणि ते मवाळ, गोडसर लागतं. चहात आलं उकळल्यावर नरम का पडतं आणि सुंठवड्याची चिमूट घशात का उतरत राहते, याचं उत्तर इथे आहे. भट्टीत जाणाऱ्या पदार्थाला म्हणूनच सुंठ हवी. ओलं आलं किसून घातलं तर पिठाला पाणी सुटतं ते वेगळंच.

घरी करायची तर जुनं, पोसलेलं आलं घ्या. धुवा, साल खरवडा. लोखंडी सुरीनं आलं काळवंडतं. केरळात यासाठी बांबूची धारदार कामटी वापरतात, घरी स्टीलचा चमचा पुरतो. अख्खे गड्डे वाळायला वेळ लागतो, म्हणून जाडसर चकत्या करून कडक उन्हात घाला. मोडताना कट् आवाज आला की झाली. बाजारातली पांढरीशुभ्र सुंठ बहुतेक वेळा चुना लावलेली असते. दिसायला देखणी, पण मी तपकिरीच घेते.

आता मसाला. माझं प्रमाण असं: दालचिनी 25 ग्रॅम, सुंठ 12, धणे 8, लवंग 5, वेलचीचे दाणे 5, बाद्यान 4, जायफळ 3, बडीशेप 3, जायपत्री 2, मिरे 2. जर्मन घरांत सुंठ याहून कमी असते, काही ठिकाणी नसतेच. साताऱ्यात राहून मी ती कमी घालणार नाही. ऑलस्पाइस हा अमेरिकेकडचा मसाला त्यांच्या यादीत असतो. तो मिळाला तर दोन ग्रॅम घाला. त्याच्याऐवजी कबाबचिनी मात्र घालू नका, तिची कडवट झाक सगळ्यावर चढते.

दालचिनीबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे जाड, एकपदरी, खरखरीत साल मिळते, ती बहुधा कॅसिया. तिच्यात कुमारिन हे द्रव्य बरंच असतं, आणि ते जास्त पोटात गेलं तर यकृताला त्रास देऊ शकतं. 2006 साली जर्मनीत नाताळच्या दालचिनी-बिस्किटांवरून याच कारणानं मोठा गदारोळ झाला होता. पातळ, अनेक पदरांची गुंडाळी असते ती खरी दालचिनी. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली ‘कोकण तेज’ ही तिचीच जात. थोडी महाग पडेल, पण तीच आणा.

आपला हात लगेच कढईकडे जातो, तो इथे आवरायचा. कांदा-लसूण मसाल्यात प्रत्येक जिन्नस तेलावर भाजतो, त्यातच त्याचा खमंगपणा. या मसाल्याला पुढे भट्टीची आच लागणारच आहे. आधीच भाजला तर वेलची-जायपत्रीचा वास दोनदा जळतो. म्हणून नुसतं ऊन दाखवायचं, गार होऊ द्यायचं आणि दळायचं. सुंठ आधी खलबत्त्यात कुटून मैद्याच्या चाळणीतून काढायची, नाहीतर दाताखाली धागे येतात. जायफळ शेवटी किसून घालायचं. मिरची कांडपावर दळायला द्यायचा मोह टाळा. तिथल्या तिखटाचा अंश आला की नाताळचा खाऊ मिसळीला लावायच्या लायकीचा होतो. काचेच्या बरणीत, अंधारात, तीन-चार महिने वास टिकतो.

आणि भट्टी? ती आपल्याकडे आहेच. दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन गल्लीतल्या बेकरीसमोर नंबर लावायची रीत सातारा-सांगलीत अजून पुरती गेलेली नाही. नानकटाईच्या त्याच पिठात किलो मैद्याला 15 ग्रॅम हा मसाला घालून बघा. खरं लेबकुखन करायचं असेल तर तुपाऐवजी मध किंवा गूळ पातळ करून त्यात पीठ मळतात आणि काही दिवस मुरू देतात. ते फुगवायला जर्मन बायका जो क्षार वापरतात, तो अमोनियम बायकार्बोनेट. आपल्या बेकरीवाल्याच्या फळीवर तोच ‘अमोनिया’ नावानं असतो. पातळ, कोरड्या बिस्किटातून त्याचा वायू पूर्ण उडतो; जाड केकात मात्र वास अडकून राहतो, तिथे खायचा सोडा बरा.

मधासाठी लांब जायची गरज नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून 2022 मध्ये जाहीर झालं. तिथला गडद मध या मसाल्यापुढे दबत नाही. सुकामेव्याला तासगावचा बेदाणा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे.

सांगलीपर्यंत आलात तर हरिपूरला जाऊन या. हळदीचा या मसाल्याशी काडीचा संबंध नाही, तरी जा. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं साठवत. वर अरुंद तोंड, खाली कोठार, आत हवा नाही, त्यामुळे कीडही नाही. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि त्यातली कितीतरी कायमची गेली. पीक पिकवणं आणि ते टिकवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि सांगलीकरांनी हळदीपुरती दुसरीही साधली होती.

आल्याच्या बाबतीत साताऱ्याची तीच बाजू लंगडी आहे, असं माझं ठाम मत. न्यूरेंबर्गनं परमुलखातल्या मसाल्यावर नाव कमावलं. आपल्याकडे आलं, मध, गूळ, बेदाणा सगळं दोन जिल्ह्यांत पिकतं, आणि सुंठ मात्र आपण किराणा दुकानातून बाहेरची आणतो. शेतकऱ्यानं गाडी सोडून वाळवण घालावं, असं मी सांगणार नाही. त्याचा हिशेब त्याला कळतो. पण घरोघरी एवढं जमेल: होळीनंतर कुरडया-पापड गच्चीवर पडतात, तेव्हा त्यांच्या शेजारी दोन किलो जुन्या आल्याच्या चकत्या घाला. त्याची साधारण 400 ग्रॅम सुंठ होईल. ती दिवाळीच्या नानकटाईला, नाताळच्या लेबकुखनला आणि मधल्या सगळ्या सर्दी-पडशांना पुरून उरेल.