इंजिन नवं, इंधननळी जुनीच?

१९६९च्या शेव्हरोले कॅमेरोत जनरल मोटर्सचंच आधुनिक एलएस३ इंजिन बसवणं अमेरिकेतल्या शौकिनांना आता नवं नाही. सगळ्यांचं लक्ष अश्वशक्तीकडे. टाकीपासून बॉनेटपर्यंत गेलेल्या इंधननळीकडे फारसं कोणी वाकून बघत नाही.

मूळ कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय दाब पुरतो. इंजिनवरचा यांत्रिक पंप पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे गाडीखालच्या नळीत दाब जवळपास नसतोच. एलएस३च्या इंजेक्टरांना मात्र साधारण ५८ पीएसआय लागतो आणि तो टाकीकडचा विजेवरचा पंप पुरवतो. म्हणजे आता सगळी नळी दाबाखाली. कच्चा सांधा नुसता ठिबकत नाही, बारीक फवारा उडवतो. आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट!

म्हणून रबरी होजवर छापलेलं वाचा. ‘एसएई ३०आर७’ कार्ब्युरेटरसाठी. इंजेक्शनला किमान ‘३०आर९’ हवा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल असेल, तर आतून पीटीएफईचं अस्तर असलेला होज उत्तम. स्टीलची जुनी नळी वरून ठीक दिसली तर काही जण तीच ठेवतात. पन्नास वर्षांच्या नळीवर एवढा भरवसा मला तरी पटत नाही.

जादा पेट्रोल इंजिनपासून टाकीत परत नेणारी दुसरी नळी टाळायची, तर झकास तोडगा आहे: पाचव्या पिढीच्या कॉर्व्हेटचा फिल्टर-रेग्युलेटर. तो टाकीजवळ बसतो, जादा पेट्रोल तिथूनच माघारी फिरतं आणि इंजिनकडे एकच नळी जाते.

इंजिन सुरू करण्याआधी नुसता पंप चालवून प्रत्येक सांधा तपासा. अग्निशामक हाताशी ठेवा.