सरकारने प्रामाणिक माणसासारखे वागावे : न्यायमूर्ती छगला

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण काही वेळा पायरी चढल्यावाचून गत्यंतर नसते. सानपाड्याचेच पाहा. आज तिथे उंच इमारती आणि रेल्वे स्टेशन आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी खाडीकाठची भातशेती होती. १९७० पासून नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी सरकारने संपादनाखाली आणल्या, त्यात सानपाडाही आले. मोबदला अपुरा वाटला म्हणून या पट्ट्यातील कितीतरी शेतकऱ्यांना कोर्टात जावे लागले. एका बाजूला सातबारा हातात धरलेला शेतकरी आणि दुसऱ्या बाजूला साक्षात सरकार!

अशा वेळी सरकारने कसे वागावे? याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महमदअली करीम छगला यांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. न्यायाधीश, कायद्याचे अध्यापक, राजदूत आणि मंत्री अशा अनेक नात्यांनी त्यांनी देशाची सेवा केली. त्यांची ओळख शेतकरी कुटुंबांनाही असायला हवी.

व्यापाऱ्याच्या घरातला वकील

छगला यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईत एका खोजा व्यापारी कुटुंबात झाला. ऑक्सफर्डला इतिहासाचा अभ्यास करून ते बॅरिस्टर झाले आणि १९२२ मध्ये मुंबईत वकिली करू लागले. सुरुवातीची काही वर्षे त्यांनी बॅरिस्टर जिनांच्या हाताखाली काम केले. पण जिनांचे राजकारण धर्माच्या वाटेने जाऊ लागले तेव्हा छगला त्यांच्यापासून दूर झाले. मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात त्यांनी काही वर्षे कायदा शिकवला. १९४१ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि स्वातंत्र्य मिळाले त्याच महिन्यात, ऑगस्ट १९४७ मध्ये, मुख्य न्यायाधीश झाले. पुढे अकरा वर्षे ते त्या पदावर होते.

तीन निकाल

एका व्यापारी पेढीने केंद्र सरकारवर केलेल्या दाव्यात छगला यांनी जे सांगितले, ते आजही वकील मंडळी कोर्टात वाचून दाखवतात. नागरिकाची मागणी न्याय्य आहे असे सरकारला पटत असेल, तर केवळ कायद्याच्या तांत्रिक मुद्द्यांवर बोट ठेवून ती बुडवू नये. सरकारने प्रामाणिक माणसासारखे वागावे, असा त्याचा आशय आहे. हा निकाल १९५४ च्या कायदेग्रंथात छापला गेला. ज्याचा अर्ज चार दिवस उशिरा पोहोचला म्हणून हक्काचे पैसे अडकतात, त्याला या शब्दांचे मोल समजावून सांगायला नको.

दुसरा निकाल घरातल्या बायकांच्या जिव्हाळ्याचा. १९४६ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने हिंदू पुरुषाला पहिली बायको असताना दुसरे लग्न करण्यास बंदी केली होती. तो कायदा फक्त हिंदूंनाच का, असे म्हणून त्याला आव्हान दिले गेले. १९५१ मध्ये छगला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. सुधारणा सगळ्या समाजांत एकदम न करता टप्प्याटप्प्यानेही करता येते, असे त्यांनी म्हटले. सवतीच्या धाकात दिवस काढणाऱ्या स्त्रियांना त्यामुळे आधार मिळाला.

तिसरा निकाल छगलांनी लिहिला नाही, पण त्याचा डाग पुसण्याचे काम केले. १९०८ मध्ये याच न्यायालयाने लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला धाडले होते. १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, शिक्षा ऐकल्यावर लोकमान्यांनी काढलेले उद्गार कोरलेली शिला छगलांनी त्याच न्यायालयात बसवली. न्यायसंस्थेने केलेले ते प्रायश्चित्तच होते.

विमा आणि मंत्री

१९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर खरेदी केले. विमेदारांच्या पैशाचा हा व्यवहार संशयास्पद आहे, असे फिरोज गांधींनी लोकसभेत मांडले. सरकारने चौकशीसाठी छगलांचा एकसदस्य आयोग नेमला. त्यांनी चौकशी बंद दाराआड न करता जनतेसमोर केली आणि काही आठवड्यांत अहवाल दिला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारने प्रामाणिक असावे हे तत्त्व मंत्र्यालाही चुकले नाही.

देशाबाहेर

१९४६ मध्येच छगला संयुक्त राष्ट्रसंघात भारताच्या शिष्टमंडळात गेले होते. पुढे आपल्या शेजारच्या दादरा आणि नगर हवेलीचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी हा मुलूख पोर्तुगिजांकडून मुक्त केला होता. तिथे जायला भारतातून वाट द्यावी, अशी पोर्तुगालची मागणी होती. अशा खटल्यात प्रत्येक पक्षाला एक न्यायाधीश नेमता येतो. भारताने छगलांना नेमले. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने पोर्तुगालच्या सैन्याला, पोलिसांना आणि शस्त्रांना वाट नाकारली. नागरिकांच्या आणि मालाच्या वाटेचा हक्क मात्र मान्य केला. छगलांनी त्याविरुद्ध वेगळे मत नोंदवले.

१९५८ ते १९६१ ते अमेरिकेत राजदूत होते, नंतर ब्रिटनमध्ये उच्चायुक्त. १९६३ मध्ये शिक्षणमंत्री आणि १९६६ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. विद्यापीठांचे शिक्षण घाईने प्रादेशिक भाषांत नेण्याचे धोरण त्यांना पटले नाही, म्हणून १९६७ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यांचे हे मत सर्वांना पटेल असे नाही. पण मतासाठी खुर्ची सोडणारे थोडेच. आणीबाणीतही ते उघडपणे विरोधात बोलले. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आपण काय घ्यावे?

छगलांचे वचन मोलाचे असले तरी त्याच्या भरवशावर स्वस्थ बसू नये, कारण सगळेच अधिकारी त्याप्रमाणे वागतात असे नाही. जमीन संपादनात गेली आणि मोबदला कमी वाटला, तर रक्कम घेताना ‘हरकत राखून घेत आहे’ असे लेखी नोंदवावे. वाढीव मोबदल्याचा अर्ज मुदतीत द्यावा. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला सहाच आठवडे मिळतात. अर्जाची पोच घ्यावी आणि कागद घरात नीट ठेवावेत. आपली बाजू खरी असेल आणि कागद पुरे असतील, तर समोर सरकार आहे म्हणून दबून जाण्याचे कारण नाही. हे एका मुख्य न्यायाधीशानेच आपल्याला सांगून ठेवले आहे.