करार मोडतात, तेव्हा काय शिकायचे?

उत्तर आयर्लंडमधल्या एकाच झगड्यावर जवळपास २५ वर्षांच्या अंतराने दोन करार झाले. पहिला डिसेंबर १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या सनिंगडेल इथे, दुसरा १० एप्रिल १९९८ रोजी बेलफास्टमध्ये, गुड फ्रायडेच्या दिवशी. दोन्हींचा गाभा बराचसा सारखा होता. ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणारे युनियनिस्ट आणि अखंड आयर्लंडचे स्वप्न पाहणारे नॅशनलिस्ट यांनी मिळून कारभार करायचा आणि आयर्लंडच्या दोन्ही भागांनी सहकार्याची व्यवस्था उभारायची. पहिला करार सहा महिनेही टिकला नाही. दुसऱ्यामुळे साडेतीन हजारांच्या आसपास माणसांचे जीव घेणारा हिंसाचार मोठ्या प्रमाणात थांबला. मग फरक कशाने पडला? आंतरराष्ट्रीय संघर्ष आणि त्यांची शांततामय सोडवणूक हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय का असावा, याचे उत्तर या प्रश्नात आहे. शांततेसाठी सदिच्छा हवीच. पण ती टिकवायला ज्ञान लागते आणि ते बहुतेक वेळा फसलेल्या प्रयत्नांच्या चिकित्सेतून हाती येते.

या विद्याशाखेचा एक पूर्वज चक्क हवामानशास्त्रज्ञ होता. लुईस फ्राय रिचर्डसन पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होते. पुढे, हवामानाचे अंदाज जसे गणिताने बांधता येतात तशी युद्धांमागची कारणेही आकड्यांतून तपासता येतील का, या प्रश्नाने त्यांना झपाटले आणि त्यांनी युद्धांची पद्धतशीर नोंद केली. १९५९ मध्ये ऑस्लोत शांतता संशोधन संस्था उभी राहिली. १९७० च्या दशकात स्वीडनच्या उप्साला आणि इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड विद्यापीठांत स्वतंत्र विभाग आले. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियात २००४ पासून नेल्सन मंडेलांच्या नावाचे असे केंद्र आहे. या विषयात आंतरराष्ट्रीय कायदा आणि इतिहासाबरोबर वाटाघाटी, मध्यस्थी आणि युद्धानंतरची उभारणी यांचाही अभ्यास होतो. विद्यार्थ्याला पहिल्यापासून एक सवय लावली जाते: पक्ष काय मागतो आहे ते ऐकायचे आणि त्या मागणीमागची भीती किंवा गरज शोधायची.

ही सवय घेऊन आयर्लंडकडे पाहिले की फरक उलगडू लागतो. सनिंगडेलला मवाळ पक्ष बसले होते. बंदूकधारी गटांशी जवळीक असलेले पक्ष आणि कडवे विरोधक मुख्य वाटाघाटींच्या बाहेर होते. मे १९७४ मध्ये ब्रिटननिष्ठ कामगारांनी संप पुकारला, वीजपुरवठा कोलमडला आणि संयुक्त सरकार पडले. दुसऱ्या वेळी, अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या अध्यक्षतेखाली, हिंसेचा त्याग मान्य करणाऱ्या पक्षांना चर्चेचे दार उघडे होते. १९९६ च्या निवडणुकीची रचनाच अशी होती की सशस्त्र गटांशी संबंध असलेल्या छोट्या पक्षांना आणि महिला आघाडीलाही जागा मिळाली. शेवटी करार सार्वमताला टाकला गेला आणि उत्तर आयर्लंडमध्ये मतदान करणाऱ्यांपैकी ७१ टक्के लोकांनी त्याच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे पुढे तो मोडू पाहणाऱ्यांना जनतेच्या मताविरुद्ध उभे राहावे लागले.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. युद्धे अभ्यासाने थांबत नाहीत. सत्तेचा तोल आणि थकवा त्यांना थांबवतात. यात तथ्य आहे. विल्यम झार्टमन या अभ्यासकाने हेच सूत्ररूपात मांडले: दोन्ही बाजूंना कोंडी असह्य होते आणि वाट दिसू लागते, तेव्हा तडजोडीची वेळ पिकते. पण पिकलेली वेळ आपोआप करार लिहून देत नाही. कोणाला बोलवायचे, शस्त्रांचा प्रश्न आधी घ्यायचा की नंतर, कैद्यांचे काय, ही गणिते कोणीतरी आधी करून ठेवलेली असावी लागतात. तयारी नसेल, तर आलेली संधी निसटते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. बेलफास्टमध्ये दोन समाजांना वेगळे करणाऱ्या भिंती अजून उभ्या आहेत आणि संयुक्त सरकार वारंवार ठप्प झाले आहे. मग हे यश कसले? याचे उत्तर शांततेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी केलेल्या भेदात सापडते. गोळीबार थांबणे ही नकारात्मक शांतता. अन्याय आणि दुरावा मिटणे ही सकारात्मक. १९९८ ने पहिली बरीचशी दिली, दुसरी अपुरीच राहिली. तरीही जे मिळाले ते हलके लेखू नये. त्या करारानंतर जन्मलेली पिढी आपल्या आईबापांनी पाहिला तसा रोजचा बॉम्बस्फोटांचा धाक न अनुभवता मोठी झाली. त्या भिंती कशा उतरतील, हे शोधण्याची जबाबदारी आता पुढच्या अभ्यासकांवर आहे. लढाईचे शिक्षण देणाऱ्या संस्थांवर बहुतेक राष्ट्रे खर्च करतात. लढाई संपवण्याच्या शिक्षणावरही त्याच गांभीर्याने खर्च व्हायला हवा.