रिकाम्या रकान्याचे काय करावे?

405 ही संख्या लिहा आणि तिच्यातील शून्य पुसून टाका. उरले 45! शून्य दशकाची जागा राखते, म्हणूनच 4 शतकाच्या घरात राहतो. संगणकावर पत्रे छापतानाही असाच प्रश्न येतो.

समजा, चांदवडच्या एका शाळेला पाचशे पालकांना निकालाची पत्रे पाठवायची आहेत. मजकूर एकच, नाव, पत्ता आणि गुण तेवढे निरनिराळे. अशा वेळी पत्राचा एक नमुना आणि माहितीचा एक तक्ता तयार करतात. नमुन्यात योग्य ठिकाणी रकान्यांची नावे लिहितात. संगणक तक्त्यातील एकेक ओळ घेऊन त्या जागा भरीत जातो. या पद्धतीला 'मेल मर्ज' म्हणतात.

सर्व रकाने भरलेले असतील तर काहीच अडचण नाही. पण पत्ते तसे नसतात. शहरातल्या पत्त्यात 'रंगमहालाजवळ' अशी खूण असते. वाडीवरच्या पत्त्यात ती नसते. मग पाकिटावर मध्येच कोरी ओळ उमटते. यावर उपाय जुना आहे. 1978 साली आलेल्या वर्डस्टार या प्रोग्रॅमच्या मेल मर्जमध्ये रकान्याच्या नावापुढे तिरपी रेघ व 'ओ' हे अक्षर लिहीत. माहिती नसेल तर ती ओळ गाळा, असा त्याचा अर्थ. आजचा वर्ड प्रोग्रॅम केवळ रिकाम्या रकान्यांची ओळ आपणहून गाळतो. मात्र रकान्यात चुकून एक मोकळी जागा टंकलेली असेल, तर डोळ्यांना तो रिकामा दिसतो, संगणकाला नाही!

आता थोडे अवघड उदाहरण घेऊ. गावात टपाल कचेरी असेल तर आपण 'मु. पो. वडनेर भैरव' असे लिहितो. वाडीला स्वतःची कचेरी नसेल तर 'मु.' पुढे वाडीचे नाव आणि 'पो.' पुढे कचेरीच्या गावाचे नाव येते. नमुन्यात 'पो.' कायमचे छापून ठेवले, तर टपालाचा रकाना रिकामा असताना ते एकटेच लोंबकळते. म्हणून संगणकाला अट घालावी लागते: जर 'टपाल' रकाना रिकामा असेल, तर 'मु. पो.' व गाव छाप, नाहीतर 'मु.' व गाव, नंतर 'पो.' व टपाल छाप. वर्डमध्ये अशी जर-तरची सोय आहे.

तक्ता स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींत साठविला असेल, तर आणखी काळजी हवी. नाव, खूण, गाव, पिन असा क्रम आहे असे माना. खूण नाही म्हणून तिच्यासोबत तिचा स्वल्पविरामही गाळला, तर गाव खुणेच्या जागी सरकते आणि पाकिटावर छापले जाते 'मु. पो. 423101'! चांदवडचा पिन गावाच्या जागी जाऊन बसला. इथे स्वल्पविराम 405 मधील शून्याचे काम करतो. रकाना रिकामा असला तरी त्याची जागा राखतो.

पण 'रिकामे' म्हणजे 'शून्य' मात्र नव्हे. गणिताच्या परीक्षेला एक मुलगी आजारपणामुळे बसलीच नाही. तिचा गुणांचा रकाना रिकामा आहे. पत्रात तिथे '0' छापला गेला, तर घरी काय समजतील? ती नापास झाली, असे! म्हणून नमुन्यात अट हवी: रकाना रिकामा असेल तर 'गैरहजर' असे छाप.

तरीही एक पेच उरतोच. मुलगी गैरहजर होती, की गुण भरायचे राहून गेले? दोन्ही रकाने सारखेच दिसतात. तक्त्यांच्या माहितीला गणिताची बैठक देणारे एडगर कॉड यांनी 1990 सालच्या आपल्या पुस्तकात यासाठी दोन वेगळ्या खुणा सुचविल्या: एक 'माहिती असायला हवी, पण ठाऊक नाही' यासाठी, दुसरी 'इथे माहिती लागूच नाही' यासाठी. संगणक अट पाळतो. रकाना का रिकामा आहे हे माणसानेच आधी लिहून ठेवावे लागते. तक्ता भरणाऱ्याने 'गैरहजर' हा शब्दच लिहिला, तर पेच उरत नाही.

करून पाहा: वर्गातील दहा मुलांचे पत्ते वहीत रकान्यांत मांडा. प्रत्येक रिकाम्या घरासमोर 'लागू नाही', 'ठाऊक नाही' की 'राहून गेले' ते लिहा. नंतर पाकिटावरील पत्त्यासाठी जर-तरचे नियम तयार करा आणि ते आपल्या शेजाऱ्याला द्या. तुम्हाला काहीही न विचारता त्याला दहाही पत्ते बिनचूक लिहिता आले, तर ते नियम संगणकालाही पुरतील.