पुढची सफर कशावर चालेल?

गावजत्रेत आकाशपाळणा भरतो तेव्हा पाळणेवाल्याकडे जरा लक्ष देऊन पाहावे. पहिली जोडी तो खालच्या पाळण्यात बसवतो, चाक अर्धे फिरवतो आणि दुसरी जोडी बरोबर समोरच्या पाळण्यात घेतो. अंगाने भरलेला माणूस आला तर समोरच्या बाजूला दोन-तीन पोरे एकत्र बसतात. एकीकडेच भार पडला तर चाक हेलकावे खाते आणि मोटरवर ताण येतो, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेले नसते. इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या आणि आसपासच्या बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या मुलांची यंत्रावरच्या सफरीशी पहिली ओळख होते ती इथेच. आकाशपाळणा, ड्रॅगन ट्रेन, ब्रेक डान्स, टोराटोरा आणि लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकली फिरवणारा मौत का कुआँ, सगळे एकाच मैदानात.

या चाकाचा थोरला अवतार १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभा राहिला. जॉर्ज फेरिस या अभियंत्याने बांधलेले ते चाक सुमारे ८० मीटर उंच होते. त्याला ३६ डबे होते आणि एका डब्यात साठ माणसे मावत. म्हणजे एका वेळी दोन हजारांहून अधिक लोक हवेत. करमणुकीच्या यंत्रांचा धंदा तेव्हापासून दोन गोष्टींवर चालत आला आहे: बसणाऱ्याला काय वाटेल, आणि तासाला किती जण बसून उतरतील.

महाराष्ट्रात हा धंदा मोठ्या प्रमाणावर आला तो १९८९ मध्ये, गोराईच्या एस्सेलवर्ल्डने. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले आणि त्यातल्या ‘नायट्रो’ने मराठी मुलांना खऱ्याखुऱ्या रोलर कोस्टरची चव दिली. बोलिजर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीने बनवलेल्या या गाडीत पायाखाली फरशी नाही. सुमारे चाळीस मीटर उंचीवरून ती खाली येते आणि बसणाऱ्याला पाच वेळा उलटे करते.

पुणे जिल्ह्यातल्या शाळांच्या सहलींसाठी आता आणखी एक मुक्काम तयार झाला आहे. बाबासाहेब पुरंदरे यांच्या कल्पनेतून आंबेगाव बुद्रुकला आकार घेत असलेली शिवसृष्टी. एकवीस एकरांवरच्या या प्रकल्पातला ‘सरकारवाडा’ हा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला आणि दुसऱ्या टप्प्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२५ मध्ये झाले. शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचा प्रसंग तिथे प्रकाश, ध्वनी आणि प्रक्षेपणातून दाखवला जातो. प्रेक्षकांना हजार वर्षे मागे नेणारे ‘टाइम मशिन’ थिएटरही आहे. पुढचे टप्पे अजून व्हायचे आहेत. तिथे प्रेक्षकाला बसवून कथेतून फिरवून आणणारी सफर आली, तर ती कोणत्या तंत्रावर चालावी? या लेखातला तर्क त्यापुरताच आहे. त्याला आधार आहे तो जगात आधी चालून दाखवलेल्या यंत्रांचा.

कळसच्या वाचकाला शिवकाळाचा हा विषय परका नाही. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण हे शहाजीराजांच्या जहागिरीतले परगणे. त्यातले सुपे आज बारामती तालुक्यात आहे आणि इंदापूर गावात मालोजीराजांच्या नावाची गढी आहे. इथली मुले शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास करून पुण्याला जातात, ती आपल्याच परगण्याची गोष्ट पाहायला.

सगळ्यात सोपा आणि मोहात पाडणारा पर्याय म्हणजे उडते थिएटर. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेच्या उद्यानात ‘सोअरिन’ ही सफर सुरू झाली. प्रेक्षकांच्या खुर्च्यांच्या रांगा उचलून भल्यामोठ्या घुमटाकार पडद्यासमोर अधांतरी न्यायच्या, वारा आणि वास सोडायचा, पडद्यावर हवाई चित्रण दाखवायचे. या यंत्राचा पहिला नमुना मार्क समनर या अभियंत्याने घरी, मुलांच्या खेळण्यातल्या लोखंडी पट्ट्या जोडून केला होता. इमॅजिकातही ‘आय फॉर इंडिया’ नावाने भारताची हवाई सैर आहेच. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत. बारा किल्ल्यांवरून उड्डाण ही कल्पना त्यामुळे कुणाच्याही डोक्यात लगेच येईल.

तरीही या पर्यायावर पैसा लावू नये. ड्रोनने टिपलेले राजगड-रायगड प्रत्येकाच्या मोबाइलवर आहेत. शिवाय पडद्यावर चालणारी सफर लवकर शिळी होते. डिस्नेची ‘स्टार टूर्स’ १९८७ ला आली आणि तिला २०११ मध्ये नवे चित्रपट आणि नवी यंत्रणा द्यावी लागली. उलट १९६४ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनासाठी बांधलेली, बोटीतून बाहुल्यांच्या जगात फिरवणारी ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ कॅलिफोर्नियात आजही गर्दी खेचते. हाताने बांधलेला देखावा टिकतो. एकदा केलेला खर्च पिढ्यान्‌पिढ्या फेडला जातो.

शिवसृष्टीने ज्याचा अभ्यास करावा असे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. यॉर्क शहरातल्या कॉपरगेट भागात १९७६ ते १९८१ या काळात उत्खनन झाले. हजार वर्षांपूर्वीची व्हायकिंग वस्ती चिखलात जशीच्या तशी सापडली: लाकडी भिंती, चामडी जोडे, कंगवे, अगदी शौचकूपसुद्धा. वस्तूंची संख्या चाळीस हजारांच्या घरात गेली. हे सगळे काचेच्या कपाटात मांडून चालले असते. यॉर्क आर्किऑलॉजिकल ट्रस्टने मात्र त्याच जागी, जमिनीखाली, ती गल्ली पुन्हा उभी केली आणि १९८४ च्या एप्रिलमध्ये ‘यॉर्विक’ केंद्र खुले झाले. प्रेक्षक छोट्या गाडीत बसतो आणि गाडी त्याला त्या गल्लीतून संथ नेते. मासळीचा, धुराचा, शेणखताचा वास येतो. माणसे जुन्या नॉर्स भाषेत बोलतात. काही पुतळ्यांचे चेहरे तिथेच सापडलेल्या कवट्यांवरून घडवले आहेत. डिसेंबर २०१५ च्या पुरात केंद्रात पाणी शिरले आणि २०१७ मध्ये ते नव्या रूपात, नव्या गाड्यांसह उघडले. यॉर्विकच्या गाडीचा वेग माणसाच्या चालीहून फारसा अधिक नाही आणि तरी लोक चाळीस वर्षे रांगा लावतात.

संथ गाडीचे तंत्र डिस्नेने १९६७ मध्ये पक्के केले. बसण्याच्या डब्यांची एक अखंड साखळी सतत फिरत राहते आणि प्रत्येक डबा स्वतःभोवती वळू शकतो. डबा कुठे वळतो ते आधीच ठरलेले असल्याने प्रेक्षक नेमके तेच पाहतो जे दाखवायचे आहे. बाजूला उभ्या असलेल्या दिव्याच्या खांबाकडे त्याची नजर जातच नाही. १९६९ पासून ‘हाँटेड मॅन्शन’ या भुताच्या वाड्यात हेच तंत्र चालते.

आग्र्याच्या प्रसंगाला मात्र साखळी अपुरी पडेल. तिथे रुळाविना चालणाऱ्या गाड्या हव्यात. या गाड्या संगणकाच्या आज्ञेवर मोकळ्या फरशीवर फिरतात, एकमेकींना वाट देतात, वेगवेगळ्या दालनांत शिरतात. टोकियो डिस्नेलँडमध्ये २००० साली ‘पूज हनी हंट’मध्ये त्या गाजल्या. नेदरलँड्सच्या एफ्टेलिंग उद्यानाने २०१७ मध्ये ‘सिंबोलिका’ याच तंत्रावर उभारली.

आता ऑगस्ट १६६६ ची आग्र्यातली सुटका डोळ्यांसमोर आणा. मंडळी एकत्र बाहेर पडतात, फुटतात, वेगवेगळ्या वाटांनी निघतात. बाल संभाजीराजे मथुरेत मागे राहतात आणि महाराज राजगडावर पोहोचल्यानंतर काही काळाने परततात. चार गाड्या एकत्र निघाव्यात, मथुरेच्या दालनात एक गाडी मागे थांबावी, तिच्यातल्या मुलांना बाकीच्या तीन गाड्या अंधारात दिसेनाशा होताना दिसाव्यात आणि शेवटी राजगडाच्या दालनात चौथी गाडी उशिरा येऊन मिळावी. ताटातूट म्हणजे काय, हे त्या चौथ्या गाडीतल्या मुलाला सांगावे लागणार नाही. इथे यंत्राची चाल आणि इतिहासाची चाल एकच होते.

पण त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागेल. महाराज पेटाऱ्यात बसून निघाले की पेटारे वाहणाऱ्यांत मिसळून, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पुस्तकात दोन्ही मते शेजारी छापता येतात. सफरीत प्रेक्षकाला पेटाऱ्यात बसवायचे की पेटारा खांद्यावर दिल्याचा भास करून द्यायचा, हे ठरवूनच गाडीची बैठक आखावी लागते. म्हणून अभियंत्याच्या आधी कागदपत्रे वाचणारा माणूस या कामावर हवा, आणि त्याचा शब्द शेवटचा हवा.

तिसरी शक्यता पाण्याची. शांघाय डिस्नेलँडमध्ये २०१६ पासून चाचेगिरीवरच्या सफरीत पाण्याखालच्या चुंबकीय यंत्रणेने बोटी चालतात. त्या जागच्या जागी वळतात, आडव्या सरकतात, उलट्याही जातात. मराठी इतिहासात या तंत्राला साजेसा प्रसंग १६७९ चा, खांदेरीचा. मुंबईच्या तोंडावरच्या त्या बेटावर महाराजांनी तटबंदीचे काम काढले, इंग्रजांची जहाजे वेढा द्यायला आली, पाठोपाठ सिद्दी आला. मराठ्यांच्या उथळ तळाच्या लहान होड्या वल्ह्यांच्या जोरावर, रात्रीच्या अंधारात मोठ्या जहाजांना चुकवून बेटावर माणसे आणि सामान पोहोचवत राहिल्या. शिडांच्या जहाजाला वारा पडला की हलता येत नसे, वल्ह्यांच्या होडीला वाऱ्याची गरज नसे. मुलांची बोट दोन काळ्या जहाजांच्या मधून गिरकी घेऊन निसटली की आरमाराचा हा धडा त्यांना कायमचा कळेल. उजनीच्या पाण्यावर पळसदेवचे जुने मंदिर किंवा भिगवणचे रोहित पक्षी पाहायला होडीत बसलेली इंदापूरची मुले तर तो चटकन ओळखतील.

राहता राहिला हिशेब. साठ आसनांच्या थिएटरात पंधरा मिनिटांचा खेळ ठेवला तर तासाला २४० माणसे होतात. आठ जणांची बोट दर वीस सेकंदांना सोडली तर १,४४०. चार जणांची संथ गाडी दर बारा सेकंदांना सोडली तर १,२००. रुळाविना गाड्यांचा आकडा यापेक्षा कमी येतो आणि खर्च सर्वांत जास्त, कारण प्रत्येक गाडीत स्वतःची बॅटरी, संवेदक आणि संगणक. एका शाळेची सहल म्हणजे एसटीच्या तीन बसगाड्या, सव्वाशे-दीडशे मुले. डिसेंबर-जानेवारीत अशा दहा शाळा एकाच दिवशी येऊन थडकतात. ज्या सफरीच्या रांगेत दोन तास जातात, ती सहलीच्या मुलाच्या वाट्याला येतच नाही. बस अंधाराआधी परतीला लागणार असते.

म्हणून इथले मत स्पष्ट आहे. पहिली सफर संथ गाडीची असावी: सतराव्या शतकातल्या परगण्याच्या गावाची, बाजारपेठेची, बारा बलुतेदारांची, हाताने बांधलेल्या देखाव्यांतून आणि खऱ्या वासांतून. तिच्यात आजोबाही बसू शकतील आणि चौथीतली मुलगीही. दुसरी खांदेरीची. आग्र्याच्या गाड्या तिसऱ्या, पैसा आणि अनुभव हाताशी आल्यावर. आणि आराखडा पक्का करण्याआधी प्रकल्पाच्या मंडळींनी इंदापूर-बारामतीकडच्या शाळांतले सहल नेणारे शिक्षक बोलावून घ्यावेत, त्यांना मुलांचा आकडा, निघण्याची वेळ आणि परवडणारे तिकीट विचारावे आणि मगच यंत्राची मागणी नोंदवावी.