दऱ्या, दर्या आणि एक संगणक-मंडळ

कला शाखेच्या माणसाने संगणकवाल्यांच्या सभेत काय करायचे, असा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये मला आजही विचारला जातो. विद्यार्थी तर हसतातच. म्हणून या अंकाच्या निमित्ताने ती हकीकत एकदा सविस्तर सांगून टाकतो.

२०११ साली मी याच महाविद्यालयात मराठी घेऊन एस. वाय. ला होतो. आमचे घर कामशेतजवळ, नाणे मावळात. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. माझी आत्या त्या काळी तळेगावला एका डी.टी.पी.च्या दुकानात कामाला होती. १९९९ च्या पावसाळ्यात तिने आजीला समोर बसवून तीनशे बारा ओव्या संगणकावर उतरवून घेतल्या. “कोनाला पायजेत गं त्या?” असे आजी म्हणत राही, आणि म्हणतही राही. आजी २००६ मध्ये गेली. दुकान त्याआधीच बंद पडले होते. कागदावर काढलेली प्रत घराच्या गळतीत गेली. उरली फक्त एक फाइल, फ्लॉपीवरून सीडीवर आलेली. ती उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता पाचोळा दिसायचा. एका दुकानदाराने पन्नास रुपये घेऊन निदान केले, “फाइल खराब झाली आहे, पुसून टाका.”

फाइल खराब झालेली नव्हती, हे मला पुण्यात कळले.

आमच्या एका प्राध्यापकांनी ‘पुणे लिनक्स युजर्स ग्रुप’चे नाव सांगितले. लोक त्याला ‘प्लग’ म्हणत. नावावरून ही एखादी क्लासवाल्यांची संस्था असेल असे मला वाटले होते. तसे काही नव्हते. फी नाही, प्रवेशअर्ज नाही, प्रमाणपत्र नाही. एका शनिवारी कामशेतहून लोकल धरली (दुपारी गाड्या विरळ, म्हणून सकाळचीच), शिवाजीनगरला उतरलो आणि मॉडेल कॉलनीतील एका वर्गाच्या दारात उभा राहिलो. आत पंधरा-वीस माणसे होती. कोणी कंपनीतले अभियंते, कोणी विद्यार्थी, एक निवृत्त गृहस्थ. मी कोणाला तरी “सर” म्हणालो, तेव्हा उत्तर आले, “इथे सर कोणी नाही. बस. काय अडलंय?”

असे मंडळ निघते कशासाठी? ५ मार्च १९७५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये काही हौशी माणसे जमली. सुटे भाग जोडून बनवायचा ‘अल्टेअर ८८००’ हा संगणक नुकताच बाजारात आला होता आणि तो एकट्याने जोडणे अवघड होते. तो ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’. पुढे ‘ॲपल’ काढणारे स्टीव्ह वॉझ्नियॅक त्या पहिल्याच सभेला हजर होते. एकट्याला न जमणारे काम आणि ते शिकवणारे पुस्तक नाही, अशा वेळी माणसे एकत्र येतात. आपल्याकडे इर्जिक घालतात, त्यातलाच हा प्रकार. लिनक्सचेही असेच झाले. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टोरव्हाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपली संगणकप्रणाली लोकांपुढे ठेवली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून चालवलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातील साधने तिला मिळाली. ती कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि बदललेली दुसऱ्याला द्यावी, अशी मुभा होती. पण विकणारी कंपनी नसल्यावर अडले तर विचारायचे कोणाला? एकमेकांना. गावोगावच्या मंडळांचे मूळ एवढेच.

सभेत कोणीतरी अर्धा-पाऊण तास एखादा विषय मांडे. त्यातले मला पहिल्या दिवशी काहीही कळले नाही, हे प्रांजळपणे सांगतो. खरी सभा त्यानंतर, चहाच्या वेळी. तिथे अडचण सांगण्याची एक रीत होती. “चालत नाही” असे म्हणायचे नाही. काय करायला गेलो, काय केले, पडद्यावर नेमके काय आले, ते क्रमाने सांगायचे. ही शिस्त पुढे मला एम. ए. च्या प्रबंधातही कामी आली.

मी सीडी दिली. एका तरुणाने फाइल उघडली, तो पाचोळा दोन मिनिटे पाहिला आणि म्हणाला, “अरे, हे शाबूत आहे. फक्त फॉन्ट जुना आहे.”

ती भानगड अशी. जुन्या काळच्या बऱ्याच मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी ते रोमनच, आपल्या डोळ्यांना मात्र मराठी दिसे. तो फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, मग फॉन्ट कोणताही असो. तेव्हा जुना आकार आणि नवा क्रमांक यांचा तक्ता करायचा आणि फाइलभर बदल करायचे. ऐकायला सोपे. पण जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार जुन्यात अक्षरानंतर, नव्यात आधी. ग, ण, श यांचे दंड निराळे सुटलेले. हे सगळे उचलून योग्य जागी ठेवावे लागते.

त्या तरुणाने ‘पायथन’ या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो मूळचा तमिळ, मराठी बोलण्यापुरतेच येणारा. तक्ता भरायचे काम माझ्याकडे आले. चार शनिवार आम्ही ते केले.

तिसऱ्या शनिवारी पहिल्यांदा ओव्या वाचता आल्या. मी मोठ्याने वाचू लागलो आणि अडखळलो. आजीच्या ओवीत ‘दर्या’ आला होता! आजी उभ्या जन्मात लोणावळ्याच्या पलीकडे गेली नव्हती, तिने समुद्र पाहिला नव्हता. ते ‘दऱ्या’ होते, आमच्या मावळातल्या दऱ्या. जुन्या फॉन्टात या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र ला वेगळा आकार होता, आणि आम्ही तक्त्यात तो व रफार दोन्ही एकाच ठिकाणी नेले होते. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक मी फळ्यावर लिहून दाखवला, तेव्हा वर्गातले सगळे उठून पुढे आले. युनिकोडमध्ये यासाठी नुक्ता असलेला ‘ऱ’ आहे, हे त्यांच्यापैकी एकाने शोधून दाखवले. त्या दिवशी त्या खोलीत मराठीच्या विद्यार्थ्याचा उपयोग आहे असे मला प्रथम वाटले.

एक वाद मात्र झाला. आजीच्या तोंडचा ‘पानी’ आत्याने तसाच टंकला होता. तो ‘पाणी’ करून टाकावा, प्रोग्रॅमला एक ओळ पुरेल, असे एकाचे म्हणणे होते. मी नको म्हणालो. ‘पानी’ ही टंकलेखनाची चूक नव्हती.

आपल्याच मावळ-मुळशीच्या भागात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे मोठे काम उभारले. महाराष्ट्रभरच्या त्या लाखाहून अधिक ओव्या संगणकीय संग्रहात आहेत, आणि २०१७ पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ त्या ध्वनी-चित्रासह प्रसिद्ध करू लागले. आमच्या ओव्या त्यापुढे मूठभर. पण हे काम किती हातांतून जाते, याचा अंदाज मला मॉडेल कॉलनीतल्या त्या बाकांवर आला.

तीनशे बारापैकी तीनशे सात ओव्या परत आल्या. पाचांत काही ठिकाणी चौकोन उरले, कारण फाइल तिथे खरोखरच तुटली होती. मी छापील प्रत आत्याला नेऊन दिली. तिने चष्मा लावला, त्यांतल्या दोन चौकोनांवर बोट ठेवले आणि त्या जागचे शब्द म्हणून दाखवले. उरलेल्या तीन ओव्या तिलाही आठवेनात.