जितक्या खुर्च्या जास्त, तितकं स्टेडियम चांगलं?

२ एप्रिल २०११ला भारतानं वानखेडेवर विश्वचषक जिंकला, तेव्हा ते स्टेडियम नुकतंच नव्यानं बांधून झालं होतं. नूतनीकरणाआधी तिथे ४५ हजारांच्या घरात प्रेक्षक बसत. नूतनीकरणानंतर क्षमता उरली सुमारे ३३ हजार. तिकिटासाठी वणवण केलेल्या माणसाला याचा राग येणं स्वाभाविक होतं. एवढा खर्च केला आणि जागा वाढायच्या सोडून कमी झाल्या!

पण ते बरोबरच झालं. पूर्वी सिमेंटच्या पायऱ्यांवर माणसं खांद्याला खांदा लावून कोंबली जात. आता प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची, गुडघ्यांपुढे थोडी मोकळीक आणि दर काही खुर्च्यांनंतर जाण्या-येण्याची वाट मिळाली. कमी झालेल्या त्या बारा हजार जागांतून उरलेल्या सगळ्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली.

२०२४च्या जुलैमध्ये टी-ट्वेन्टी विश्वविजेत्या संघाच्या मिरवणुकीसाठी मरीन ड्राइव्ह माणसांनी ओसंडून वाहिला आणि मुंबईला एक लाख प्रेक्षकांचं स्टेडियम हवं, ही चर्चा जोरात सुरू झाली. हवंच असेल तर जरूर बांधावं. पण अशा चर्चेत काही समजुती पुन्हा पुन्हा ऐकू येतात, आणि काँक्रीट ओतून झाल्यावर त्या दुरुस्त करता येत नाहीत.

‘जितक्या खुर्च्या जास्त, तितकं स्टेडियम चांगलं’

फुटबॉलचं मैदान साधारण १०५ मीटर लांब असतं. क्रिकेटमध्ये पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात सीमारेषाच खेळपट्टीच्या मध्यापासून ६५ ते ९० यार्डांवर असते. म्हणजे सगळ्यात पुढच्या रांगेतला क्रिकेटचा प्रेक्षकसुद्धा फलंदाजापासून साठ-ऐंशी मीटर लांब बसतो आणि त्याला पाहायचा असतो जेमतेम सात सेंटीमीटर व्यासाचा चेंडू. मागची प्रत्येक रांग त्याला आणखी लांब नेते.

शिवाय पुढच्याचं डोकं मध्ये येतं. मागच्या प्रेक्षकाची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा किती वरून जाते, हे मोजायला रचनाकार एक आकडा वापरतात. त्याला सी-व्हॅल्यू म्हणतात. ती १२ सेंटीमीटर असेल तर उत्तम, ९ असेल तर चांगली. ६वर आली की मान तिरकी करून, पुढच्या दोन डोक्यांच्या फटीतून सामना पाहावा लागतो. हा आकडा सगळ्या रांगांत टिकवायचा तर प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा थोडी अधिक उचलावी लागते. म्हणून चांगल्या स्टँडचा उतार सरळ नसतो. तो वर जाताना अधिकाधिक उभा होत जातो, परातीच्या काठासारखा. मात्र ३४ अंशांपेक्षा जास्त चढ स्टेडियमच्या सुरक्षेची ब्रिटिश मार्गदर्शिका (तिची गोष्ट पुढे येईल) धोकादायक मानते, कारण तोल गेला तर माणूस थेट खालच्या रांगेवर कोसळेल. ही मर्यादा आली की एकच मार्ग उरतो: वर दुसरा मजला चढवायचा. त्यासाठी खांब, जिने, उद्वाहनं, पाण्याच्या टाक्या आणि स्वच्छतागृहं पुन्हा नव्यानं उभारायची. म्हणून सगळ्यात वरच्या खुर्च्या बांधायला सगळ्यात महाग पडतात आणि बसायला सगळ्यात वाईट असतात. आपण स्टेडियमची कीर्ती मात्र त्यांच्याच संख्येवरून ठरवतो.

‘आराखड्याची सुरुवात इमारतीच्या रूपापासून होते’

कागदावर पहिली रेघ ओढली जाते ती खेळपट्टीची, आणि तिची दिशा सहसा उत्तर-दक्षिण असते. मावळतीचा सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांवर येऊ नये, एवढंच त्यामागचं कारण. न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या मॅक्लीन पार्कवर खेळपट्टी पूर्व-पश्चिम आहे. २३ जानेवारी २०१९ला तिथे भारताची फलंदाजी चालू असताना सूर्य डोळ्यांवर आला म्हणून खेळ अर्धा तास थांबवावा लागला. आकाशात ढग नव्हता, पाऊस नव्हता. होतं ते लख्ख ऊन.

‘छपराची खरी अडचण म्हणजे त्याचं वजन’

पूर्वी छपराला खाली खांब असत आणि खांबामागे बसलेल्याला अर्धा सामना दिसत नसे. आता छप्पर मागच्या बाजूनं धरून पुढे अधांतरी ताणलेलं असतं. हे ओझं तोलायचं कसं, असा प्रश्न पडतो. पण पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर छत्री उघडून पाहिलेल्या माणसाला खरी अडचण लगेच कळेल. वारा छत्री खाली दाबत नाही, उलटी करून वर खेचतो. वानखेडेचं छप्पर टेफ्लॉनचा थर दिलेल्या कापडाचं आहे, आणि हलकं छप्पर तर उडायलाच टपलेलं असतं. म्हणून अशा छपराच्या लहान प्रतिकृतीवर आधी वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करतात, आणि बांधणीत ते पेलून धरण्याइतकीच काळजी खाली जखडून ठेवण्याची घेतात.

अहमदाबादच्या मोटेरा स्टेडियममध्ये छप्पर प्रेक्षागाराच्या सांगाड्यापासून वेगळं ठेवलं आहे, म्हणजे भूकंपात दोन्ही आपापल्या गतीनं हलू शकतात. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात अहमदाबादमध्येही इमारती कोसळल्या होत्या. त्या शहरात ही काळजी अनाठायी नाही.

आणखी एक हादरा माणसांचा असतो. हजारो लोक एका तालात उड्या मारू लागले की सेकंदाला साधारण दोन धक्के बसतात. झोका नेमक्या वेळी ढकलला तर थोड्याच जोरात उंच जातो, तसाच स्टँडही डोलू शकतो. त्यामुळे त्याची स्वतःची लय प्रेक्षकांच्या लयीशी जुळणार नाही, अशा बेतानं तुळया आणि पायऱ्या ठरवतात.

‘निचरा आधुनिक असला की पावसाची चिंता मिटते’

मोटेराच्या निचऱ्याबद्दल असं सांगितलं गेलं होतं, की पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात मैदान खेळण्याजोगं होईल. त्याच मैदानावर २०२३च्या आयपीएलची अंतिम लढत पावसामुळे राखीव दिवशी गेली. २९ मे रोजी चेन्नईच्या डावाचे तीनच चेंडू झाले आणि पुन्हा पाऊस आला. तो फार वेळ टिकला नाही, तरी खेळ सुरू व्हायला दोन तासांहून अधिक वेळ गेला. मध्यरात्र उलटल्यावर १५ षटकांत १७१ धावांचं लक्ष्य देऊन सामना संपवावा लागला. सगळीकडे विचारलं गेलं, मग तो निचरा गेला कुठे?

उत्तर मातीत आहे. मैदानाचा हिरवा भाग, म्हणजे आउटफिल्ड, वाळूवर उगवलेला असतो. वाळूखाली खडी, खडीखाली भोकं पाडलेल्या नळ्या. तिथलं पाणी खरोखरच झपाट्यानं खाली उतरतं. खेळपट्टी मात्र चिकणमातीची असते. ती रोलरनं दाबून दगडासारखी केलेली असते, आणि तिच्यातून पाणी झिरपलं तर चेंडू उसळणारच नाही. खेळपट्टीचं कामच पाणी अडवण्याचं आहे. मुख्य खेळपट्टी आच्छादनाखाली कोरडी राहते, पण तिच्या शेजारच्या वापरात नसलेल्या खेळपट्ट्या आणि सरावाच्या पट्ट्या उघड्या राहिल्या तर त्यांचा चिखल होतो. मोटेरात त्या रात्री अशीच एक पट्टी वाळायला वेळ लागला. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर २०१७पासून जमिनीखालून पाणी शोषून घेणारी यंत्रणा आहे, आणि ती उत्तम आहे. पण तीही आउटफिल्डपुरतीच. खेळपट्टीला अजून तरी ताडपत्री आणि मैदानावरचे कामगार हाच आधार आहे. पाऊस आल्यावर धावत सुटणारी ती माणसं कोणत्याही नळीइतकीच मोलाची आहेत.

बांधकामात मैदान जवळजवळ शेवटी तयार होतं, हेही अनेकांना ठाऊक नसतं. छप्पर चढवणाऱ्या क्रेन उभ्या राहतात त्या मधल्या मोकळ्या जागेतच. त्यांच्या चाकांखाली माती दबते, आणि ती नीट सैल न करता वर गवत लावलं तर महागडा निचराही कुचकामी ठरतो.

‘शहराबाहेर मोकळी जागा आणि मोठं वाहनतळ मिळालं की प्रश्न सुटला’

वानखेडेला वाहनतळ नाही म्हणून नाकं मुरडली जातात. मला ती त्याची सगळ्यात मोठी ताकद वाटते. एका बाजूला चर्चगेट, दुसऱ्या बाजूला मरीन लाइन्स. बारा डब्यांच्या भरगच्च लोकलमध्ये चार हजारांहून अधिक माणसं मावतात, म्हणजे अख्खं वानखेडे आठ गाड्यांत घरी जातं.

आता एक लाख प्रेक्षक मोटारींनी आले असं धरा. एका मोटारीत चौघे, म्हणजे पंचवीस हजार मोटारी. वळायच्या जागेसकट एका मोटारीला साधारण २५ चौरस मीटर लागतात. गुणाकार केला तर दीडशे एकरांहून जास्त जमीन नुसती वाहनतळाला हवी. मोटेराचा सगळा परिसरच ६३ एकरांचा आहे. तिथे आता जवळ मेट्रोचं स्थानक आहे, म्हणून निभावतं. पुण्याचं गहुंजे स्टेडियम २०१२मध्ये खुलं झालं. रचना देखणी आहे, लंडनच्या हॉपकिन्स आर्किटेक्ट्सची, पण ते द्रुतगती मार्गालगत आहे. तिथून रात्री सामना संपल्यावर घरी निघालेल्या कोणत्याही पुणेकराला विचारा, त्याला शेवटच्या षटकापेक्षा त्यानंतरची वाट जास्त आठवत असेल. मुंबईच्या नव्या स्टेडियमसाठी जमीन शोधताना आधी रेल्वेचा नकाशा उघडायला हवा, सातबारा नंतर.

‘स्टेडियम एकदा बांधलं की खर्च आपोआप वसूल होतो’

मॉन्ट्रियलचं ऑलिंपिक स्टेडियम १९७६च्या स्पर्धेसाठी बांधलं. छप्पर बसायला १९८७ उजाडलं आणि कर्ज फिटायला २००६. याउलट नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर क्रिकेट, २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचं फुटबॉल, कोल्डप्लेच्या मैफली असं सगळं झालं, आणि २ नोव्हेंबर २०२५ला भारताच्या महिलांनी तिथेच विश्वचषक जिंकला. सामना नसलेल्या दिवसांचा विचार नकाशावरच केलेला असावा लागतो.

‘धोका असतो तो आत, आणि गर्दी उसळली तरच’

२ जानेवारी १९७१ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियममधून लोक घरी निघाले होते. सामना संपला होता, भांडण नव्हतं, आग नव्हती. एका जिन्यावर काही जण पडले, मागून येणारे त्यांच्यावर कोसळले आणि ६६ जणांचा जीव गेला. त्यानंतर १९७३मध्ये ब्रिटनमध्ये ‘ग्रीन गाइड’ नावाची मार्गदर्शिका निघाली. जगभरचे रचनाकार आज तिचा आधार घेतात. तिचा एक साधा हिशेब आहे: सामना संपल्यावर प्रेक्षागारातून मोकळ्या वाटेवर येण्यासाठी आठ मिनिटांहून जास्त वेळ लागता कामा नये, आणि सपाटीवर एक मीटर रुंदीच्या वाटेनं मिनिटाला ८२ माणसं जातात असं धरायचं. जिन्यावर ६६च.

मग ३३ हजार माणसांसाठी पन्नासेक मीटर रुंदीच्या वाटा हव्यात. एक लाखासाठी १५२ मीटर, आणि तेही सगळं सपाटीवर असेल तर. जिने आले की हा आकडा १८९वर जातो. शिवाय ही रुंदी रस्त्यापर्यंत कुठेही कमी होता कामा नये. दहा मीटरचा जिना चार मीटरच्या पुलाला जोडला तर ती वाट चार मीटरचीच. मुंबईकराला हे समजावून सांगायची गरज नाही. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण याच कारणानं गेले.

दुसरा धडा कुंपणाचा. ११ मे १९८५ला इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला लाकडी स्टँड पेटला आणि काही मिनिटांत सगळीकडे आग पसरली. मागच्या बाजूला धावलेल्यांना बंद दारं सापडली. एकूण ५६ जणांचा बळी गेला. जे पुढे मैदानात उतरू शकले ते वाचले, कारण तिथे पुढे जाळी नव्हती. चार वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ला, शेफील्डच्या हिल्सबरोमध्ये पुढे जाळी होती. मागून लोंढा येत राहिला, पुढे सरकायला जागा नव्हती, आणि ९७ माणसं गेली. त्यानंतर ब्रिटनमधल्या मैदानांवरची अशी कुंपणं उतरवण्यात आली. आपल्याकडच्या अनेक मैदानांत प्रेक्षक आणि खेळ यांच्यामध्ये उंच जाळी अजून आहे. मैदानात कोणी घुसू नये म्हणून ती लावतात. पण आग लागली तर तेच मैदान सर्वांत सुरक्षित जागा असतं, आणि तिकडे उघडणारी दारं त्या जाळीत असायलाच हवीत. ती उघडायला माणूस किल्लीसह तिथेच उभा हवा.

आणि तिसरा धडा अगदी अलीकडचा, आपल्याच देशातला. ४ जून २०२५ला बंगळुरूमध्ये आयपीएल विजेत्या संघाच्या स्वागतासाठी लाखो माणसं चिन्नास्वामीकडे निघाली. आत जागा होती सुमारे ३५ हजारांची. अकरा जण गेले, आणि ते गेटबाहेर. स्टेडियमची हद्द भिंतीपाशी संपत नाही. गेटपुढचं पटांगण, पदपथ, स्थानकाचा जिना हे सगळं त्याच आराखड्याचे भाग आहेत, मग ती जमीन कोणाच्याही मालकीची असो.

मुंबईच्या नव्या स्टेडियमचं चित्र एक दिवस वर्तमानपत्रात येईल. छप्पर झगमगत असेल, खाली आसनसंख्या ठळक छापलेली असेल. वाचक म्हणून आपण त्या दिवशी दोनच गोष्टी मागाव्यात: सगळ्या दारांची मिळून रुंदी किती मीटर, आणि शेवटच्या दारापासून रेल्वेच्या फलाटापर्यंतची वाट कुठे किती अरुंद होते. हे दोन आकडे मिळेपर्यंत भूमिपूजनाचा नारळ फुटू देऊ नये.